पेवावरची लाकडी फरशी

आमच्या भागात लाकूड डोक्यावर असतं, पायाखाली नसतं. माळवदाच्या तुळया, खांब, चौकटी, सगळं लाकूड एकतर वर नाहीतर उभं. पायाखाली माती, शेणाचं सारवण, फार तर शहाबादी फरशी. त्यामुळं मी "लाकडी फरशी बसवतो" असं सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडं बघतो, मग स्वतःच्या पायाकडं बघतो आणि विचारतो, "म्हंजे लाकडावर चालायचं? चप्पल काढून का घालून?" परंड्याच्या स्टँडवर एक गृहस्थ तर सरळ म्हणाले, "वाळवीला जेवू घालायचा धंदा हाय म्हणा की तुमचा." मी व्हय म्हणालो. कुर्डुवाडीची गाडी लागली होती, वाद घालायला वेळ नव्हता.

मी मूळचा भूमचा. वडील सुतार. औतं, बैलगाड्या, दारं करायचे. ट्रॅक्टर आले, लोखंडी दारं आली आणि मी पुण्याची वाट धरली. तिथं एका ठेकेदाराच्या हाताखाली लाकडी फ्लोअरिंग शिकलो, आणि गुडघे कुरकुरायला लागले तसा परत आलो. तोवर आपल्याकडची डॉक्टर, दुकानदार, बागायतदार मंडळीही मोबाइलवर फोटो बघून "आपल्याला बी असलंच पायजे" म्हणायला लागली होती. या धंद्यात गिऱ्हाइकाचं तोंड कमी दिसतं आणि पाय जास्त. दिवसभर आम्ही जमिनीवर रांगत असतो. कुणाच्या टाचा रानातल्या भेगांनी भरलेल्या, कुणाच्या तळव्याला मोज्यांनी आलेला पांढरेपणा, कुणाचा अंगठा आत वळलेला. पायांवरून माणूस कळतो असं मी म्हणणार नाही, पण आत येताना त्यानं पाय पुसले का नाही, एवढं मात्र मला लगेच कळतं.

कारण आमचा सगळा जीव ओलीत अडकलेला असतो. हे जे लाकूड आम्ही बसवतो ते अखंड फळीचं नसतं. वरचा पातळ थर खरा, सागवानाचा नाहीतर ओकचा, आणि खाली प्लायचे पदर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले. अखंड फळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. या पदरांमुळं ही फळी बरीचशी जागेवर राहते, पण बरीचशीच. म्हणून भिंतीच्या कडेला बोटभर जागा मोकळी सोडायची, वरून पट्टी मारायची, म्हणजे लाकडाला अंग हलवायला जागा मिळते. फळ्यांचे खोके बसवण्याआधी काही दिवस त्याच खोलीत ठेवायचे, म्हणजे त्यांना त्या घराच्या हवेची सवय होते. नवी सून आणल्यावर पहिल्या दिवशीच तिला कुणी भाकरी थापायला बसवत नाही, तसंच. आणि खालचा सिमेंटचा कोबा पूर्ण वाळलेला पाहिजे. सगळा जिल्हा आभाळाकडं बघून ओल मागतो. ओल नको म्हणणारा मी एकटाच असेन.

त्यामुळं कामावर असताना माझं एकच वाक्य असतं: "ओले पाय बाहेर!" पोरंटोरं, चहा आणणाऱ्या बाया, घरमालक, कुणालाही मी सोडत नाही. धाराशिवच्या एका डॉक्टरीणबाईंनी तर माझं नावच तसं मोबाइलमध्ये टाकलं होतं.

तरी लोक ऐकतात कुठं? नळदुर्गच्या पुढं हायवेवर एका ढाबेवाल्यानं तळमजल्यात फॅमिली रूम काढली आणि माझ्याकडून लाकडी फरशी बसवून घेतली. झकास झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांनी सवयीप्रमाणं पाइप सोडला आणि खराट्यानं घसाघसा घासून धुतली. धुतली तर धुतली, वर मालकानं मला फोन केला, "मिस्त्री, पानी उतरायला भोक कामून ठेवलं न्हाय?" आठवड्यात फळ्या पापडासारख्या वर आल्या. मी बघायला गेलो तर मालक म्हणाला, "पर धुतल्याबिगर सोच्छ व्हतंय का कुठं?" चिडायला गेलो होतो, जेवून परत आलो. त्यानं वाढलेलं शेंगदाण्याचं झणझणीत कालवण, म्हाद्या, अजून आठवतं. आमचं काम बिघडलं तरच लोकांना दिसतं. नीट झालं तर त्याच्यावरून सगळे चालत जातात, खाली कुणी बघत नाही.

पण सांगायचं आहे ते परंड्याच्या घराचं.

किल्ल्याच्या अंगाला एका गल्लीत अनिलरावांचं घर. त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, बाजारपेठेत. जुनं दगडामातीचं घर पाडून त्याच जागी त्यांनी नवं बांधायला काढलं, तेव्हा पाया खणताना जुनं पेव लागलं. पेव म्हणजे जमिनीतलं ज्वारीचं कोठार. वर तोंड अरुंद, आत पोट मोठं. पूर्वी घरोघरी असायची. इंजिनिअर म्हणाले, एवढा खड्डा आयता मिळालाच आहे तर तळघर काढू. तसं तळघर झालं. पेवाचा उरलेला भाग माती-मुरूम टाकून बुजवला आणि वरून कोबा केला. अनिलरावांच्या मनात तिथं बियाण्याचं गोदाम करायचं होतं.

त्यांच्या बायकोच्या, सुवर्णाताईंच्या मनात मात्र वेगळंच होतं. त्या सोलापूरच्या. लहानपणापासून लग्न होईपर्यंत भरतनाट्यम शिकलेल्या. परंड्यात येऊन त्यांनी गच्चीवर गल्लीतल्या मुलींना शिकवायला सुरुवात केली होती. पण भरतनाट्यमात तळवा जमिनीवर जोरात आपटावा लागतो, आणि सिमेंटवर आपटून आपटून मुलींच्या टाचा दुखायच्या, नडग्या भरून यायच्या. उन्हाळ्यात गच्ची तव्यासारखी तापायची. मी पहिल्यांदा माप घ्यायला गेलो तेव्हा ताई तळघराच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या, आणि माझी नजर सवयीनं पायांकडं गेली. दोन्ही टाचांना निबर घट्टे आणि नडगीला पट्टी बांधलेली.

"मामा, खाली लाकूड असेल तर पाय वाचतात," त्या म्हणाल्या. "माझे गेले ते गेले. पोरींचे वाचले पाहिजेत."

अनिलराव वाईट माणूस नव्हेत, पण व्यापारी माणूस. त्यांनी बायकोला शब्द दिला होता तो असा: दसऱ्यापर्यंत फरशी बसली तर तळघर तुझं. नाही बसली तर रब्बीचा माल तिथं लागेल, आणि एकदा पोती लागली की लागली. ज्वारी-हरभऱ्याचं बियाणं त्याच सुमाराला येतं, आणि दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. हे मला दोघांनीही सांगितलं. ताईंनी हळू आवाजात, अनिलरावांनी मोठ्या.

घरात तिसरं माणूस म्हणजे अनिलरावांच्या आई, सोजरबाई. सत्तरीच्या पुढच्या, ताठ, कमी बोलणाऱ्या. ताईंनी पहिल्यांदा गच्चीवर घुंगरू बांधले तेव्हा त्या एकदाच बोलल्या होत्या, "आपल्या घरात घुंगरं? लोकं काय म्हनतील?" त्यानंतर त्यांनी त्या विषयावर तोंडच उघडलं नव्हतं. न बोलणाऱ्या सासूचा घरातल्यांनी जो अर्थ लावायचा तो लावला होता. "आईंच्या मनात नाही," ताई म्हणायच्या. मी सोजरबाईंना मावशी म्हणायचो. मी दिसलो की त्या पदर सावरायच्या आणि चहा पाठवायच्या, बस.

कोबा कोरडा आहे का हे बघायची आमची साधी रीत आहे. जाड प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा कोब्यावर ठेवायचा, चारी कडा चिकटपट्टीनं बंद करायच्या आणि काही दिवस विसरून जायचं. खालून ओल येत असेल तर प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब धरतात. यंत्रंही असतात, माझ्याकडंही एक आहे, पण प्लॅस्टिकचे थेंब गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसतात, वाद राहत नाही. मी तळघरात जागोजागी तुकडे लावले. आठवड्यानं काढले. सगळे कोरडे ठणठणीत. फक्त उगवतीच्या कोपऱ्यातला तुकडा आतून घामेजलेला.

तो कोपरा म्हणजे बुजवलेल्या पेवाच्या तोंडाखालचा. मला वाटलं, नवा भराव आहे, वाळेल. पंखा लावला, झरोके उघडे ठेवायला सांगितले. पुन्हा तुकडा लावला. पुन्हा थेंब. पाऊस उघडला होता, बाहेर माती पांढरी पडली होती, आणि या कोपऱ्याची ओल हटत नव्हती. मग आमची सगळ्यांची डोकी चालायला लागली. प्लंबर आला, त्यानं सगळे नळ बंद करून मीटर बघितलं, काही नाही. इंजिनिअर आले, कोपऱ्यात उकिडवे बसले, "झरा असेल," म्हणाले आणि चहा पिऊन गेले. भिंतीपलीकडं शेजारच्या बशीरभाईंची पाण्याची टाकी होती. ते एसटीत मेकॅनिक होते, आता निवृत्त. अनिलरावांचा आणि माझाही सगळा संशय त्या टाकीवर.

अनिलराव भिंतीवरून बोलले ते जरा चढ्या आवाजातच. बशीरभाई कमरेवर हात ठेवून म्हणाले, "अरे बाबा, मेरी टाकी को कायकू बदनाम करते? येवडी वर्सं येष्टीची इंजनं दुरुस्त केली म्या, टाकी गळत्याली मला कळनार न्हाय व्हय?" आणि त्यांनी काय करावं? टाकी रिकामी केली. पार कोरडी. आणि गल्लीच्या नळावरून बादल्यांनी पाणी भरायला लागले. या वयात, जिना चढून. "आता बघा तुमचा कोपरा," म्हणाले. आम्ही बघितला. कोपरा होता तसाच ओला.

दिवस सरत चालले होते. घटस्थापना तोंडावर आली. फळ्यांचे खोके तळघरात एका बाजूला ठेवलेले, आणि मी काही त्यांना हात लावायला तयार नव्हतो. नळदुर्गचे पापड मला एकदा पुरले होते. ताई एकदाच म्हणाल्या, "मामा, तुमचा इलाज चालत नसेल तर सांगा. मी पोरींच्या आयांना निरोप देते." मला बरं वाटलं नाही. आपलं काम झालं नाही तर दुसऱ्याचं स्वप्न गोदामात जातं, हे त्या पट्टी बांधलेल्या पायांकडं बघून फार लागलं.

त्या दिवशी मला बार्शीला दुसरं काम बघायला जायचं होतं, म्हणून वाटेत तुकडा बघावा या हिशेबानं भल्या सकाळी परंड्यात उतरलो. घरात अजून हालचाल नव्हती. अंगणाचं दार लोटलेलं होतं. तळघराच्या पायऱ्या बाहेरून आहेत. मी खाली उतरलो तर कोपऱ्यात सोजरबाई. नुकतीच अंघोळ झालेली, केस ओले, हातात पितळी तांब्या. भिंत आणि कोबा यांच्या सांध्यात बोट जाईल एवढी फट राहिली होती, त्या फटीत त्या धार धरून पाणी घालत होत्या. भरावाची माती गटागटा पीत होती. तांब्या संपला, त्यांनी हात जोडले, वर काही ओल दिसतसुद्धा नव्हती.

"मावशी!" मी ओरडलोच. "काय करताय?"

त्या दचकल्या नाहीत. "पानी घालते. रोज घालते."

"रोज? कशाला?"

"कशाला म्हंजे? घटाची जागा हाय ती." मग मला काहीच कळत नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या पायरीवर बसल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी चार वाक्यं बोलल्या. जुन्या घरात त्यांचा घट कायम पेवाच्या तोंडापाशी बसायचा. सासूच्या सासूपासून. घर पाडलं तरी जागा तीच, फक्त आता ती खाली गेली. गेल्या नवरात्रात वरचं बांधकाम अर्धवट होतं म्हणून घट याच कोपऱ्यात बसवला होता. बाकीच्यांना वाटत होतं की यंदा तो वर, नव्या देवघरात बसेल. सोजरबाईंना मात्र तसं कधीच वाटलं नव्हतं.

"पण आता नवरात्र कुठं आहे मावशी? रोज पाणी कशाला?"

त्या तांब्या मांडीवर फिरवत राहिल्या. "कुनाला बोलले न्हाय म्या. गच्चीवर कुरडया वाळू घालाया गेले व्हते. सुवर्णा एकटीच नाचत व्हती. मी हाय हे तिला ठावं न्हाय. आईचं काई तरी व्हतं, देवीचं, राक्षसाला मारती ते. हातात काईच न्हाय बघा तिच्या. पर मला भाला दिसला. खरा भाला. डोळं बी आईचंच." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तवाच म्या नवस बोलले आईला, हिची फरशी बसू दे. बसंस्तोवर रोज तुज्या जागंवर तांब्या घालीन."

मी तिथंच पायरीवर बसलो. हसावं का रडावं ते कळेना. मी, प्लंबर, इंजिनिअर, रिकाम्या टाकीचे बशीरभाई, आम्ही सगळे ज्या ओलीचं मूळ शोधत होतो ते हे. फरशी बसावी म्हणून म्हातारी पाणी घालत होती, आणि ती पाणी घालत होती म्हणून फरशी बसत नव्हती.

"मावशी, हे आधी सांगायचं नाही का?"

"कुनी इचारलंय का मला?" त्या म्हणाल्या. आणि ते खरंच होतं.

मी वर जाऊन अनिलरावांना आणि ताईंना उठवलं, खाली आणलं आणि सोजरबाईंनाच सगळं पुन्हा सांगायला लावलं. अनिलरावांनी कपाळावर हात मारला. ताई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि सासूकडं बघत राहिल्या. "आई, मला वाटायचं तुमच्या मनात नाही," एवढंच म्हणाल्या. सोजरबाई उलट सुनेवरच खेकसल्या, "मनात न्हाय तर येवड्या थंड पान्यानं पहाटं अंगूळ कशापायी करती मी?"

आता प्रश्न सुटला असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं. मी म्हणालो, "मावशी, उद्यापासून पाणी बंद करा, चार-पाच दिवसांत कोपरा सुकेल."

"बंद कसं करू? फरशी बसंस्तोवर घालीन असं बोललेय."

"अहो, पाणी थांबल्याशिवाय फरशी बसत नाही."

"आन फरशी बसल्याबिगर पानी थांबत न्हाय," सोजरबाई म्हणाल्या आणि विषय संपवल्यासारख्या पदर खोचून उभ्या राहिल्या. अनिलराव माझ्याकडं बघायला लागले. मी एक चलाखी करून बघितली. लांबच्या कोरड्या कोपऱ्यात एक फळी ठेवली, तिला हळदीकुंकू लावायला सांगितलं आणि म्हणालो, "घ्या मावशी, बसली फरशी." त्यांनी फळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "एका फळीवर आईला गुंडाळता व्हय मिस्त्री? ती काय आजची हाय का?"

वाट काढली ती ताईंनी. म्हणाल्या, "जागा तीच ठेवू, पाणीही तेच. फक्त मध्ये परात ठेवू, पेवाचीच माती घालून. पाणी त्या मातीत जाईल." सोजरबाई विचारात पडल्या. "आईला चालंल का?" ताई म्हणाल्या, "परडीत पीठमीठ घेते ती आई. परातीत पाणी नको म्हणेल का?" म्हातारी स्वतः उठून पाया खणताना काढलेल्या मातीच्या ढिगातून ओंजळभर काळी माती घेऊन आली. चाळून.

मी फट बुजवली. पाणी थांबलं तसा कोपरा हळूहळू उजळायला लागला, पण इतक्या दिवसांत पेवानं प्यायलेलं पाणी पुढं कधी वर येणार नाही याची खात्री नव्हती. आणि घट तर दर वर्षी तिथंच बसणार होता, नऊ दिवस मातीला पाणी पडणार होतं. तेव्हा मी ठरवलं की त्या कोपऱ्यात लाकूड घालायचंच नाही. घट आणि त्याच्या पुढं एक माणूस बसेल एवढा चौकोन उघडा सोडायचा, त्याच्या कडेनं कोब्यात खाच मारून ओल अडवायचा माल भरायचा, आत शहाबादीचे तुकडे बसवायचे आणि बाकीची फरशी त्या चौकोनाला बोटभर अंतर ठेवून फिरवायची. तयार जागेत असा कोपरा कापून काम करणं म्हणजे कटकट. प्रत्येक फळी वेगळी कापायची, जोड बरोबर यायला पाहिजेत. पुण्यातला माझा ठेकेदार बघता तर म्हणाला असता, "भोक ठेवून आलास?" व्हय, ठेवून आलो.

काम निम्म्यावर असताना बियाण्याचा टेम्पो ठरल्यापेक्षा आधीच दारात आला. आणि त्याच दुपारी आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस. बियाणं भिजलं की संपलं. अनिलराव दारात पोत्यावर हात ठेवून उभे, खाली उघडं तळघर आणि वर काळं आभाळ. ताई पायऱ्यांच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, बाजूला झाल्या नाहीत. मी हातातली फळी तशीच धरून बसलो. अनिलरावांनी माझ्याकडं बघून मान खाली घातली. "मिस्त्री, माझा इलाज न्हाय. खाली घेऊ द्या."

तेवढ्यात भिंतीवरून बशीरभाईंचा आवाज आला. "ओ अनिलशेट! माझी पडवी रिकामीच पडलीय. टाका हितं. पन बघा हां, माझी टाकी गळत न्हाय, बियानं भिजायचं न्हाय." अनिलरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून पोती पलीकडं नेली, आणि शेवटचं पोतं आत जाता जाता पाऊस आला. बशीरभाईंच्या घरात त्या दिवशी अनिलरावांनी जो चहा घेतला तो त्यांना चांगलाच गरम लागला असणार.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी मी शेवटची पट्टी मारली, भुसा झाडला, कापडानं पुसलं. मुली आल्या होत्या. त्यांना मी अंगणातच थांबवलं होतं. ताई नेहमीच्या सुती साडीत, पायात घुंगरू बांधून तळघराच्या दाराबाहेर उभ्या होत्या. अजून आत पाऊल टाकलं नव्हतं.

सोजरबाई तांब्या घेऊन आल्या. "बसली का फरशी, मिस्त्री?"

"बसली, मावशी."

"समदी?"

"तुमचा चौकोन सोडून समदी."

त्यांनी आत डोकावून बघितलं. कोपऱ्यातला शहाबादी चौकोन, त्याच्यावर ठेवलेली परात, आणि तिथून दारापर्यंत आलेलं लाकूड. मला वाटलं आता त्या शेवटचा तांब्या परातीत घालायला आत जाणार, आणि माझं नेहमीचं वाक्य माझ्या तोंडात आलंच होतं. पण त्या दाराबाहेरच थांबल्या. सुनेला म्हणाल्या, "हितं नीट उभी ऱ्हा." आणि वाकून तांब्याची धार तिच्या पायांवर धरली.

ताईंनी पाय मागं ओढले. "आई! काय करता हे? तुम्ही माझ्या पायांवर..."

"हलू नगंस. तुज्या पायावर न्हाय घालत म्या. गच्चीवर जी बघितली तिच्या पायावर घालते."

तांब्या रिकामा झाला. ताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी हात जोडले, काही सुचेना तसं वळून आत जायला एक पाऊल उचललं, आणि सोजरबाईंनी त्यांचा हात धरला.

"थांब. वल्या पायानं कुठं निघालीस? खाली लाकूड हाय."

म्हातारी गुडघे मोडत पायरीवर बसली. सुनेचा एक पाय मांडीवर घेतला, नको नको म्हणत असतानाही, आणि पदरानं पुसला. घुंगरू वर सरकवून पुसला, टाचेचे घट्टे पुसले, बोटांच्या बेचक्यांतून पदर फिरवला. मग दुसरा. अनिलराव भिंतीकडं तोंड करून उभे होते.

सगळं झाल्यावर सोजरबाईंनी माझ्याकडं बघितलं. "बघा मिस्त्री. झालं का कोरडं?"

मी सवयीनं गुडघ्यावर बसलो, दोन्ही पाय नीट बघितले आणि म्हणालो, "झाले, मावशी. जाऊ द्या आत."